शेवटच्या भागासाठी बदललेली शिफ्ट

दहा आठवडे चाललेल्या एका रहस्यमालिकेचा शेवटचा भाग रविवारी संध्याकाळी साडेआठला संपला तेव्हा मला शिसारी आली. चहाच्या पहिल्या घोटाला माशी दिसावी तशी नव्हे. सगळा कप पिऊन झाल्यावर तळाशी दिसावी तशी. मी रिमोट सोफ्यावर आपटला आणि बायकोला म्हणालो, "थुंकतो मी असल्या शेवटावर."

"थुंका आणि ताटं घ्या," ती म्हणाली.

तो शेवट वाईट होता हे माझं मत आजही कायम आहे. पण त्या संध्याकाळी तो बघायला मी घरी असायलाच नको होतो. मी कारखान्यात असायला हवा होतो, आणि तिथे माझ्या जागी दुसरा माणूस उभा होता. हे सगळं खरंखरं मी आजवर कुठेच लिहिलेलं नाही. एकदा लिहायची वेळ आली होती, तेव्हा अर्धंच लिहिलं.

मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. घर मूळचं केळव्याचं. भाऊ वाडी बघतो, नारळ-सुपारी आणि शनिवार-रविवारी मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या. मी शिफ्टच्या बससाठी बोईसरला राहायला आलो आणि तिथलाच झालो. पन्नाशीला आलोय. तंबाखू नाही, पत्ते नाहीत, बाटली नाही. बायको म्हणते, त्यातलं एखादं परवडलं असतं. मला नाद आहे तो रहस्यमालिकांचा. मालिका सुरू असताना कुणी चहा ठेवायला उठलं तरी मी "थांब, आता पुरावा येईल" म्हणून त्याला परत बसवतो.

ही मालिका खाडीकाठच्या एका गावातली. गावात जत्रा असते आणि त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंचा त्यांच्याच दवाखान्यात खून होतो. संशय चौघांवर: नवरा, कंपाउंडर, खाडीच्या तरीवर लोकांना पलीकडे नेणारा होडीवाला आणि कधीच न बोलणारी आत्या. मी शंभर पानी वही केली होती. डाव्या पानावर 'काय दिसलं', उजव्या पानावर 'काय असेल'. ओल्या चपला, आठ मिनिटं मागे पडलेलं घड्याळ, तरीच्या तिकिटाचा फाटका तुकडा, सगळं भागवार. माझा संशय कंपाउंडरवर होता. तो इंजेक्शन डाव्या हाताने भरायचा आणि सही उजव्या हाताने करायचा. दहा आठवड्यांत हे फक्त मी पकडलं होतं, निदान आमच्या बसमध्ये तरी.

बसमध्ये पाय ठेवला की सुरू व्हायचं.

"इन्स्पेक्टरसाहेबांना खिडकी द्या रे."

"आज कुणाला उचलला साहेब?"

"आत्याला सोडून द्या हो, म्हातारी आहे. लॉकअपमध्ये तिला थंडी वाजेल."

मला राग यायचा नाही. खरं सांगायचं तर आवडायचं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी कशात हुशार म्हटलं नव्हतं.

कारखान्यात पंपांच्या प्लॅटफॉर्मवरचा माझा जोडीदार मनोरच्या पलीकडच्या एका पाड्यावरचा. माझ्याहून दहा वर्षांनी लहान. घरची थोडी भातशेती पावसावर, बाकी वर्षभर माझ्यासारखीच शिफ्ट. तोही मालिका बघायचा. त्याची वही वगैरे नव्हती. पहिल्या भागापासून त्याचं एकच म्हणणं.

"दादा, ती बाय मेलीच नाय."

"अरे, पंचनामा दाखवला तिचा."

"तोंड दाखवलं काय? चादर दाखवली. चादरीखाली कोन पन आसंल."

"स्वतःच्या दवाखान्यात मेल्याचं नाटक कशाला करील ती?"

"नवऱ्याला कंटालली आसंल. माझी बायको पन सांगते, एक दिवस मी पन अशीच जाईन, चादर ठेवून."

शेवटचा भाग ज्या रविवारी होता त्या आठवड्यात आमची दुसरी शिफ्ट होती, दुपारी तीनपासून. जोडीदाराची साप्ताहिक सुट्टी रविवारी, माझी बुधवारी. मधले भाग चुकले की मी सोमवारी सकाळी मोबाइलवर बघायचो. पण शेवटचा भाग तसा बघणं म्हणजे उष्ट्या ताटात जेवणं. खुनी कोण हे सगळ्या महाराष्ट्राला साडेआठला कळणार आणि मला ते परतीच्या बसमध्ये कुणीतरी ओरडून सांगणार. आठवडाभर मी घरात तोंड पाडून फिरत होतो.

रीतसर शिफ्ट बदलून मागावी तर त्या महिन्यात बदल्या बंद. लग्नसराईत जो तो बदली मागायला लागला म्हणून शिफ्ट-इनचार्जने नोटीस लावली होती. मग राहते ती तोंडी बदली. ती काय असते ते सांगतो, कारण बाहेरच्या माणसाचा विश्वास बसणार नाही. आमच्या गेटवर हजेरीचं यंत्र आहे, त्यावर अंगठा लावायचा. आमच्या खात्यात काम कॉस्टिकचं, म्हणजे कातडी जाळणाऱ्या सोड्याचं. हातमोजे असतात, तरी वर्षानुवर्षांनी बोटांवरच्या रेषा गुळगुळीत होतात आणि यंत्र आमचे अंगठे ओळखेनासं होतं. अशा आम्हा दहा-बाराजणांसाठी गेटवर वेगळं रजिस्टर ठेवलंय. वॉचमन म्हणतो, "अंगूठा नहीं ले रहा ना? लिखो उसमें." आपण टोकन नंबर लिहायचा, सही करायची. कुणाचा नंबर कोण लिहितो ते कुणी बघत नाही. बारसं, दहावं, साखरपुडा, भाताची लावणी, आमचं सगळं या रजिस्टरावर निभत आलेलं. इनचार्जलाही ते ठाऊक होतं. प्लॅटफॉर्मवर माणूस उभा आहे ना, मग तो कोण याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. मागच्या लावणीला माझ्या बुधवारच्या सुट्टीत मी जोडीदाराच्या नंबरवर उभा राहिलो होतो.

आता शनिवारचं सांगायला हवं. शनिवारी मी कामावर होतो. शिफ्ट संपत आली होती, जोडीदार हातपाय धुवायला गेला होता, आणि मी कॉस्टिकचा दोन नंबरचा पंप चालवला, तर त्याच्या ग्लँडमधून थेंब यायला लागले. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे पॅकिंग असतं, त्याला ग्लँड म्हणतात. ते सैल झालं तर एखाद्या वेळी जोरात चिळकांडी उडते. नियमाप्रमाणे हे लॉगबुकात लिहायचं. लिहिलं की मेंटेनन्सला बोलवायचं, परमिट भरायचं, सह्या घेत फिरायचं, आणि तोवर बस निघून गेलेली असते. तो पंप फक्त दुसऱ्या शिफ्टमध्ये, नवीन बॅच भरताना लागतो. मी पंप बंद केला आणि मनाशी म्हटलं, उद्या आपणच आहोत, आल्या आल्या सांगू.

रविवारी सकाळी जोडीदाराचा फोन आला.

"दादा, आज तुमी घरी बसा. मी जातो तुमच्या नंबरवर."

"अरे, तुझी सुट्टी आहे. तुलाही बघायचंय ना?"

"आमच्या पाड्यावर सकालपासून लाइट नाय. मी मोबाइलवर बघीन उद्या. तुमी एवढं वहीत लिवलंत, तुमी बघा. फक्त मला सांगू नका कोन खुनी."

मी नको नको म्हटलं, तेही दोनदाच. मग आम्ही बोलत बसलो. चपला, घड्याळ, आत्या. त्याने चादर परत काढली, मी कंपाउंडरचे हात काढले. वीस मिनिटं तरी बोललो असू. त्या वीस मिनिटांत मी पंपाबद्दल एक शब्द काढला नाही. लपवला नाही, विसरलो. 'लपवलं नाही, विसरलो' हे मी स्वतःशी इतक्या वेळा घोकलंय की त्यात आता काही राम उरलेला नाही.

सात वाजता मी वही मांडीवर घेऊन बसलो. कुणी मध्येच काही सांगू नये म्हणून फोनचा आवाज बंद करून तो फ्रिजवर ठेवला. पहिला पाऊण तास छान गेला. आत्या बोलली, आणि जे बोलली ते ऐकून अंगावर काटा आला. होडीवाला सुटला. माझा कंपाउंडरही सुटला. त्याचा डावा हात म्हणजे काहीच नव्हतं, बहुतेक तो नटच डावखुरा असावा. ठीक आहे, हरलो, असं मी म्हटलं. हरायला माझी ना नव्हती.

मग इन्स्पेक्टर नवऱ्यासमोर उभा राहिला. खून नवऱ्यानेच केला म्हणाला. पण नवरा तर खुनाच्या वेळी जत्रेत पालखीला खांदा देत होता, सगळ्या गावाने त्याला बघितलं होतं, गेले नऊ भाग तेच तर कोडं होतं. इन्स्पेक्टर म्हणाला, "पालखीखाली तू नव्हतासच. तो तुझा जुळा भाऊ होता!" हे वाक्य तीन बाजूंनी तीनदा दाखवलं आणि प्रत्येक वेळी ढग गडगडले.

जुळा भाऊ! नऊ भागांत त्याची सावली नाही, नाव नाही, भिंतीवर लहानपणीचा फोटोसुद्धा नाही. त्याच नटाला मिशी लावून शेवटच्या वीस मिनिटांत उभा केला. आत्याला म्हणे हा भाऊ ठाऊक होता, म्हणूनच ती बोलत नव्हती. ओल्या चपला? त्यांचं काय झालं कुणी विचारलंच नाही. घड्याळ आठ मिनिटं मागे का, तर ते बिघडलं होतं. मी दहा आठवडे एका बिघडलेल्या घड्याळावर चार पानं लिहिली होती.

रहस्य लिहिणाऱ्याने बघणाऱ्याशी एक करार केलेला असतो. पुरावा समोर ठेवीन, तुला ओळखता आला नाही तर ती तुझी चूक. तो करार या लोकांनी तोडला होता. चोर परवडला, तो निदान मागच्या दाराने येतो. हे पुढच्या दाराने आले, दहा रविवार आमच्या घरी बसले, चहा प्याले आणि जाताना आम्हालाच मूर्ख म्हणून गेले.

ही वाक्यं मला अजून पाठ आहेत, कारण ती मी त्या संध्याकाळी लिहिली. ताटं वाढलेली होती. मी फ्रिजवरून फोन काढला. न घेतलेल्या फोनचे आकडे दिसले, पण ते मी उघडले नाहीत. मालिकेच्या चाहत्यांचा एक ग्रुप आहे, त्यात लिहायला बसलो. लिहिताना वरून कंपनीचा नंबर दोनदा येऊन गेला. मला वाटलं, जोडीदार. सांगू नका म्हणाला होता, पण राहवलं नाही बिचाऱ्याला. थांब जरा, सगळं लिहून होऊ दे, मग तुला तोंडी ऐकवतो. दोन्ही वेळा मी फोन कापला.

तिसऱ्यांदा बायकोने माझ्या हातातून फोन घेतला. तिने ऐकलं आणि मला म्हणाली, "अहो, कंपनीतून आहे. कुणीतरी रडतंय मागे."

आठच्या सुमाराला नवी बॅच भरायला जोडीदाराने दोन नंबरचा पंप चालू केला होता. ग्लँड सुटली. चेहऱ्यावर कॉस्टिक उडालं. कामाचा चष्मा होता, पण धूसर झाला म्हणून त्याने तो वर केला होता, आम्ही सगळेच करतो. माझा फोन आवाज बंद होऊन फ्रिजवर पडला होता तेव्हा त्याला डोळे धुवायच्या नळाखाली धरलं होतं. आणि मी चपलांचं काय झालं म्हणून टीव्हीवर ओरडत होतो.

पालघरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा तो आत होता. दाराबाहेर शिफ्ट-इनचार्ज उभा होता. त्याने मला खांद्याला धरून जिन्याखाली नेलं.

"ऐक. रजिस्टरमध्ये तू हजर आहेस, म्हणजे तू हजर होतास. तो सुट्टीवर होता. लॉकरमधलं काहीतरी न्यायला आला आणि तुला भेटायला वर चढला. तू तेव्हा चहाला गेला होतास. त्याने आगाऊपणा करून पंपाला हात लावला. एवढंच."

"आणि त्याचं काय?"

"त्याचं बघू की नंतर. आधी आपण तरलो तर त्याला तारू."

तासाभरात त्याने ही गोष्ट रचली होती. हजेरी, चहाची वेळ, लॉकर, सगळं नीट बसत होतं. मालिकावाल्यांना दहा आठवड्यांत जे जमलं नाही ते.

या गोष्टीचा अर्थ जिन्याखाली उभं असतानाच मला कळत होता. जोडीदार कामावर नव्हताच असं ठरलं तर कंपनीच्या लेखी हा कामावरचा अपघात नाही. मग उपचार त्याचे त्याने करायचे, आणि परवानगीशिवाय आत शिरला म्हणून नोकरीही जायची. डोळे राहतील की नाही ते डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. हे सगळं माझ्या एका वाक्यावर होतं. मी मान हलवली. हो म्हटलं नाही, फक्त मान हलवली, जणू त्यामुळे काही कमी होतं.

चार दिवस मी गप्प बसलो. बसमध्येही सगळे गप्प होते. प्रत्येकाला ठाऊक होतं की त्या रविवारी मी तिथे नव्हतो. पण ते उघड झालं तर रजिस्टर बंद होणार, आणि पुढच्या महिन्यात कुणाच्या बहिणीचं लग्न होतं, कुणाची लावणी होती. मालिकेबद्दल कुणी बोललं नाही. माझ्यासाठी खिडकीची जागा मात्र रोज रिकामी ठेवलेली असायची. आणि मी तिच्यावर बसायचो.

दवाखान्यात त्याची बायको असायची. काउंटरवरचा माणूस तिला रोज सांगे, कंपनीचं पत्र आणा, तो कामावर होता असं लिहिलेलं. ती प्लास्टिकची पिशवी छातीशी धरून उभी राहायची आणि मला बघितलं की म्हणायची, "भावजी, तुमी बोला ना कंपनीत. तुमचं ऐकतील." मी म्हणायचो, बोलतो.

चौथ्या दिवशी ती चहा आणायला खाली गेली होती. जोडीदाराच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. माझ्या पायांचा आवाज त्याने ओळखला.

"दादा काय? बसा. सांगा आता, कोन निघाला खुनी?"

"सांगू नको म्हणाला होतास."

"आता कधी बघनार मी? सांगा तुमी. चादर उचलली काय?"

"नाही रे. बाई मेलीच होती. नवऱ्याने मारली."

"पन तो तर पालखीखाली व्हता."

"तो नव्हता. त्याचा जुळा भाऊ होता. याच्या जागी उभा केलेला."

मग पट्ट्यांखाली त्याचे गाल हलले. हसत होता.

"म्हंजे आपल्यावानीच की दादा. तुमच्या जागी मी."

मी खाटेची कड धरून बसलो.

"मग त्या भावाचं काय झालं?" त्याने विचारलं.

"म्हणजे?"

"नवऱ्याला बेड्या घातल्या आसतील. पन तो भाऊ? त्याला म्हायती व्हतं काय, आपल्याला कशाला उभं केलंय ते?"

मी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. "ते दाखवलं नाही."

"कायच नाय?"

"बेड्या घातल्या आणि संपलं. भावाचं पुढे काही नाही."

"वा! दिवसभर उन्हात पालखी त्यानं व्हायली, नि त्याचंच कायच नाय." त्याने तोंड वाकडं केलं. "थर्ड क्लास शेवट."

ग्रुपमधल्या माझ्या लांबलचक लिखाणात सगळं होतं. करार होता, चपला होत्या, घड्याळ होतं. त्या भावाचं पुढे काय झालं हा प्रश्न नव्हता. तो मला सुचलाच नव्हता. त्या मजकुराला लोक आजही अंगठे देतात. मला कळवणारा आवाज येतो आणि मी फोन उलटा ठेवतो.

तिथूनच मी कंपनीत गेलो. इनचार्जकडे नाही, थेट पर्सोनेल खात्यातल्या मॅडमकडे. सांगितलं की रविवारी मी घरी होतो, रजिस्टरमध्ये माझ्या नंबरपुढची सही त्याची आहे, तो माझ्या जागी कामावर होता. ग्लँडचंही सांगितलं, शनिवारी मला दिसली होती आणि मी लिहिली नव्हती. मॅडम कठोर बाई नाहीत. त्यांनी कोरा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "सगळं लिहा. आणि घरी का थांबलात त्याचं कारण लागेल. कुणी आजारी होतं का?"

त्यांनी ते सहज विचारलं. शिक्षा ठरवणाऱ्यांपुढे तो कागद जाणार होता, आणि त्यांनी मला जरा उभं राहायला जागा दिली. मी रजिस्टरचं खरं लिहिलं, ग्लँडचं खरं लिहिलं. कारणाच्या जागी पेन थांबलं. 'टीव्हीवरील मालिका पाहण्यासाठी' हे शब्द मनात जुळले होते, हाताला ते लिहवेनात. मी लिहिलं, 'पत्नीस उलट्या व जुलाबाचा त्रास होत असल्याने'.

पत्र निघालं. अपघात कामावरचा ठरला, उपचार कंपनीकडे गेले, त्याची नोकरी राहिली. इनचार्जची बदली झाली. गेटवरचं रजिस्टर बंद झालं आणि बसमध्ये मला खिडकी मिळेनाशी झाली, हे बरंच झालं. मला महिनाभर घरी बसवलं. घरचं आजारपण लक्षात घेऊन शिक्षा सौम्य केली असं त्या पत्रात लिहिलं होतं. ते वाचताना आली तशी किळस मला त्या शेवटच्या भागाचीही आली नव्हती. मी जे लिहून दिलं ते जोडीदाराला सांगितलं. तो म्हणाला, "बरं केलंत. मी पन तसंच सांगेन." बायकोला मात्र मी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी एका दुपारी दार वाजलं. बायकोने उघडलं. दारात जोडीदाराची बायको होती. त्याला घरी नेलं होतं. उजवा डोळा ठीक, डाव्या डोळ्याने पाण्याखालून बघावं तसं दिसत होतं. ती कंपनीत कागद द्यायला आली होती. आत येऊन तिने आधी माझ्या बायकोचा हात धरला.

"वैनी, आता बरं हाय ना?"

"कशाचं?" बायको म्हणाली.

"पोटाचं. त्या रविवारी लय तरास झालेला, हे सांगत व्हते." तिने पिशवीतून कागदात बांधलेली पुडी काढली. "कुड्याची साल हाय. सकाली उगालून घ्यायची. कडू लागंल, पन पोट धरतं. आमच्याकडं समदी घेतात."

बायकोने माझ्याकडे बघितलं. माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं कळलं असावं. तिने पुडी घेतली नाही, नको असंही म्हणाली नाही. "बसा, पाणी आणते," म्हणाली आणि आत गेली. मला तिने त्या बाईसमोर एकटं सोडलं.

"ही आजारी नव्हती," मी म्हणालो. "मी खोटं लिहून दिलं. त्याने तुम्हाला तसं सांगितलं ते माझ्यासाठी."

ती पुडी हातात धरून तशीच बसली. "मग तुमी का नाय गेलात?"

"टीव्ही बघत होतो."

ती रडेल, शिव्या देईल, असं मला वाटलं. दोन्हीतलं काही झालं असतं तर मला सोपं गेलं असतं. तिने पुडीची सुटलेली गाठ पुन्हा बांधली.

"काय लागलं व्हतं टीव्हीवर?"

"एक मालिका. खुनाची."

"चांगली व्हती?"

"नाही," मी म्हणालो.

तिने पुडी टीपॉयवर ठेवली. परत उचलली. पुन्हा ठेवली. "ऱ्हाऊ दे. कधीतरी लागंल," म्हणाली आणि मनोरच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठली. बायको पाण्याचा पेला घेऊन बाहेर आली तेव्हा दार उघडं होतं आणि जिन्यात तिच्या चपलांचा आवाज खाली खाली जात होता.